वेसरडीच्या रांजणाला जाग आली, ती गोष्ट

वेसरडीच्या वेशीपाशी निळीचा एक रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे. या गावात बंद पडलेली शाळा पुन्हा भरली, मोडलेलं भजनी मंडळ पुन्हा बसलं, तर 'सुरू झालं' असं कुणी म्हणत नाही. 'जाग आली' म्हणतात. त्यामागची हकिकत अशी सांगतात.

पूर्वी इथे घरोघर रंगारी. निळीचा रांजण म्हणजे जितं जनावर. त्याला गूळ-चुना चारायचा, गाणी म्हणत ढवळायचं. हयगय झाली की मेलाच. अशात रामलिंगशेठ वाण्याने शहरातून रंगाच्या पुड्या आणल्या. माणूस भारी गोडबोल्या. "वहिनी, कशाला ही घाण जपता? उपसून टाका तो रांजण!" एकेक करत सगळे उपसले. शेवटचा गोदूबाई रंगारणीचा, हाच वेशीपाशचा. तो तर शेठने स्वतःच्या हाताने उपसला.

पुड्यांचा रंग चार धुण्यांत उडाला. बाजाराने वेसरडीच्या लुगड्यांकडे पाठ फिरवली, रंगारी पोटामागे पांगले, गाणी थांबली. गोदूबाई तेवढी रिकाम्या रांजणात तोंड घालून गायची. तो घुमणारा आवाज ऐकला की शेठ भरल्या ताटावरून उठायचा म्हणे.

शेवटी तो दूरच्या एका रंगाऱ्याकडे विरजण, म्हणजे जित्या रांजणातलं मडकंभर पाणी, आणायला गेला. निळीचं विरजण विकत मिळत नाही, मागावं लागतं. आणि आपला रांजण कशाने मेला, तेही सांगावं लागतं. शेठ म्हणाला, "थंडीनं."

ते विरजण गोदूबाईच्या रांजणात घातलं. पाणी मढ्यासारखं पडून राहिलं.

"शेठ, तिथं काय सांगितलंत?" गोदूबाईने विचारलं.

"थंडीनं मेला म्हणून."

"असं होय! मग मागायला थंडीलाच धाडायचं होतं."

मडक्याच्या तळाशी थोडं विरजण उरलं होतं. शेठ साऱ्या गावादेखत रांजणावर वाकला. "मी मारलं तुला. माझा माल खपावा म्हणून." उरलेलं ओतून तो ढवळत बसला. उजाडताना पाण्यावर निळा फेस चढला.

"जाग आली!" गोदूबाई ओरडली. शेठने तिचे पाय धरले, तशी ती मागे सरली. "रांजणाला आली, शेठ. तुमचं तुम्ही बघा."

आजही नवा रांजण लावला की पहिलं ढवळण शेठच्या वंशातल्या वाण्याचं. तेच निळे हात घेऊन तो दुकानात बसतो. आणि गिऱ्हाइकाने हातांचं विचारलं, तर आधी ही हकिकत सांगतो, मग तराजू उचलतो.