रिकाम्या आव्याचा धूर

फार जुनी गोष्ट. नद्यांवर पूल नव्हते आणि घरोघरी पाणी मडक्यातच गार व्हायचं, तेव्हाची.

नदीकाठच्या कुंभारआळीत रखमाजी नावाचा कुंभार राहायचा. हाताला कसब होतं, पण मान जरा जास्तच ताठ. एका वर्षी त्याची सगळी मडकी आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, तडकली. त्यानं सावकाराकडून कर्ज काढलं. व्याज थकलं, तेव्हा कापडाखाली झाकून नेऊन चाकही गहाण टाकलं.

आता चाकच नाही तर मडकी कुठली? पण बाजाराच्या आदल्या दिवशी आळीत प्रत्येक आव्यातून धूर निघायचा. आपलाच निघाला नाही तर लोक काय म्हणतील, या धास्तीनं त्याला घास गोड लागेना. मग या शहाण्यानं काय करावं? आणखी उधारीवर लाकडं आणली आणि रिकामा आवा पेटवला! कुणी विचारलंच तर सांगायचा, "आपला माल पलीकडच्या गावी जातो."

दर बाजाराला तेच. धूर वर जायचा, कर्ज त्याच्याही वर.

"अहो, रिकाम्या आव्यात भाजताय तरी काय?" त्याच्या बायकोनं, ठकूनं, रडकुंडीला येऊन विचारलं.

"अब्रू," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

हसू नका त्याला. लाज माणसाला काय काय करायला लावते, हे आपल्याला ठाऊक नाही का?

एके दिवशी तो लाकडं रचत असताना शेजारची म्हातारी येसाक्का पाटी घेऊन आली. नवरा गेल्यापासून ती हातानं पणत्या घडवून पोट भरायची.

"रखमा, माझी लाकडं संपलीत रे. तुझ्या आव्यात एवढ्या पणत्या सरकव."

"जागा नाही, आक्का."

"पणतीला कितीशी जागा लागते?" असं म्हणत तिनं वरची खापरं बाजूला सारली. आत नुसती लाकडं होती, मडकं एकही नव्हतं.

रखमाजीनं ओठावर आलेली थाप गिळली आणि लहान मुलासारखा रडत सगळं सांगून टाकलं.

येसाक्का रागावली नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अरे वेड्या, ठकूचा चेहरा उतरलेला दिसायचा. दोनदा विचारायला निघाले. पण तुझा धूर दिसायचा नि वाटायचं, चाललंय यांचं बरं. म्हणून मागे फिरले."

हे ऐकून रखमाजीचं रडणंच थांबलं. मदत दारापर्यंत आली होती आणि त्यानंच ती परतवली होती.

येसाक्कानं नवऱ्याचं पडून असलेलं चाक त्याला वापरायला दिलं. तिच्याकडून कळल्यावर आळीतल्यांनी आपापली मडकी त्याच्याच आव्यात लावली, लाकडं वाटून घातली. दोन जाणती माणसं त्याच्याबरोबर सावकाराकडे गेली. एकट्या रखमाजीवर डोळे वटारणारा सावकार चारचौघांसमोर नुसता कुरकुरला. बुडण्यापेक्षा हप्त्यानं मिळालेलं बरं, हे त्यालाही पटलं. व्याज थांबलं. कर्ज काही जादूनं उडालं नाही, ते हळूहळूच फिटलं. पण ठकू पुन्हा हसायला लागली.

म्हातारपणी रखमाजीला एक खोड लागली. आळीत कुणीही आवा पेटवायला निघालं, की तो काठी टेकत जायचा आणि खापर उचलून आत डोकावायचा.

"काका, काय बघता सारखं?" तरुण कुंभार चिडून विचारायचे.

"काही नाही रे. आत मडकी आहेत ना, एवढंच बघतो."

तात्पर्य: अडचण झाकली तर ती वाढते आणि मदतही माघारी जाते; पण आपल्या माणसांना वेळेत सांगितली, तर तिच्यातून वाट निघते.