टिटवीने धरलेलं आभाळ

पक्षी आपापल्या देशाची फुशारकी मारत, त्या काळची ही गोष्ट. एका तळ्यावर दर हिवाळ्यात तिबेटातून चक्रवाक उतरायचे आणि तिथल्या टिटवीशी रोज त्यांची जुंपायची.

"तुमच्या तिबेटात बोलायला तोंड उघडलं की जीभ गोठते," टिटवी चिडवायची.

"आणि तुमच्याकडे आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपतात," म्हातारा चक्रवाक म्हणायचा. सगळे हसायचे. टिटवीही हसायची.

उन्हं तापू लागली तसे चक्रवाक उत्तरेला उडाले. टिटवीने रिकाम्या तळ्यावर ओरडून पाहिलं, "तुमच्या तिबेटात जीभ गोठते." उलटून बोलायला कोणी नव्हतं.

मग तिच्या मनात आलं, ते अजून वाटेतच असतील, याच आभाळातून जात असतील.

त्या संध्याकाळी ती उताणी झाली आणि तिने पाय नेहमीपेक्षा उंच धरले.