दोराची जखम

माणूस नुकताच खोल समुद्रात तेल शोधू लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. पाण्यावर तरंगणारा एक अवाढव्य फलाट पॉलिस्टरच्या आठ जाड दोरांनी जागेवर धरला होता. प्रत्येक दोर खाली एका लोखंडी साखळीला बांधलेला होता आणि त्या साखळ्या तळाच्या वाळूत रुतून बसल्या होत्या.

एकदा मासे धरणाऱ्या एका ट्रॉलर बोटीच्या जाळ्याची तार घासून एका दोराचे आतले धागे तुटले.

"फार लागलं का रे?" त्याच्या साखळीने विचारलं.

"कुणाला सांगू नकोस, ताई. मला काढून टाकतील."

साखळीचा त्याच्यावर जीव होता. पाणबुडीतून तपासणीला आलेल्या पास्कल डाबरेने "सगळं ठीक ना?" असं विचारलं, तेव्हा दोराने जखम पलीकडे वळवली आणि साखळी म्हणाली, "ठीक आहे."

पुढच्याच वादळात तो दोर तुटला. त्याचा सगळा भार शेजारच्या धडधाकट दोरावर आला आणि तोही तुटला. उरलेल्या सहांनी फलाट कसाबसा सावरला, म्हणून माणसं वाचली.

साखळीला लोंबणारा तुकडा सोडवताना पास्कल हळहळला, "वेड्या, तेवढाच भाग बदलला असता, तर अजून कितीतरी वर्षं टिकला असतास."

शेजारच्या साखळीने ते ऐकलं. "तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"हो."

पुढे दोघींना नवे दोर मिळाले. पण इतकी वर्षं एकाच वाळूत पडून राहूनही शेजारीण तिच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.