वैद्य अजून पोहोचलेला नाही

एकदा एक शिष्य परदेशी विद्या संपादून घरी परतला, आणि त्याच्या परतण्याचा आनंद त्याच्याखेरीज सर्वांना झाला.

हा शिष्य एका वृद्ध वैद्यांचा. समुद्रकाठच्या एका गावात त्यांचा आश्रम होता आणि लोक त्यांना आचार्य म्हणत. ताप, सर्पदंश, मोडलेले हाड, यांवर आचार्यांपाशी उपाय होते. डोळ्यांच्या विकारापुढे मात्र त्यांची विद्या थांबे. त्या किनाऱ्यावर ऊन प्रखर. वय उतरणीला लागले की माणसांच्या डोळ्यांत सायीसारखा पडदा धरू लागे, आणि धडधाकट माणसे भिंतीला हात लावत चालू लागत. समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलखात एक विद्यापीठ होते. तेथील वैद्य सुईने हा पडदा बाजूला सारत आणि आंधळ्याला पुन्हा दिसू लागे, असे एका व्यापाऱ्याने सांगितले. आचार्यांनी आपल्या शिष्यांपैकी ज्याचा हात सर्वांत स्थिर होता त्याला निवडले आणि त्याच व्यापाऱ्याच्या गलबतातून तिकडे धाडले. अभ्यास पुरा झाला की परत यायचे, एवढीच अट होती.

पहिला हिवाळा शिष्याला जड गेला. बर्फ त्याने कधी पाहिला नव्हता. पण हळूहळू तो त्या मुलखात रुजला. तिथल्या विद्यापीठात निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी होते. एका चुलीवर भाकऱ्या भाजाव्यात, एकमेकांच्या भाषेतल्या शिव्या शिकाव्यात, जर्दाळूच्या झाडाखाली बसून पाठ घोकावेत, असे दिवस गेले. ज्या म्हातारीच्या घरी तो राहत असे, ती त्याला आपल्या मुलाच्या नावाने हाक मारू लागली. अभ्यास संपला तेव्हा त्याला वाटले, आत्ताच तर आपण आलो. त्याने व्यापाऱ्याकरवी निरोप धाडला की आणखी एक वर्ष राहण्याची आज्ञा व्हावी. उलट निरोप आला तो एकाच शब्दाचा, “राहा.”

ते वर्षही सरले. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या खोल्या झाडल्या, आपापली अंथरुणे गुंडाळली आणि चारी दिशांच्या वाटा धरल्या. पुन्हा भेटू, असे कोणी म्हणाले नाही. भेट होणार नाही हे सर्वांनाच ठाऊक होते.

गलबत गावच्या बंदराला लागले तेव्हा लोकांनी त्याला हार घातले. आश्रमाच्या दारात आचार्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळावरून, गालांवरून सावकाश बोटे फिरवली आणि म्हणाले, “वाळलास.” शिष्याने चरणांना स्पर्श केला. त्याचे मन मात्र तेव्हाही मागे, त्या झाडलेल्या खोलीत होते.

पुढचे दिवस उदास गेले. जेवणाला चव लागेना. गावातली बोलणी त्याला लहान वाटू लागली. पूर्वीचे सोबती भेटायला येत, तिकडे थंडी फार असते का असे विचारत, आणि उत्तर पुरते ऐकायच्या आधी सोयरिकीच्या गोष्टी काढत. त्याला ते गाव परके वाटे, आणि आपण त्या गावाला परके झालो आहोत हेही कळे. फक्त आचार्य त्याचे ऐकून घेत. रोज दुपारी ओसरीवर ते त्याला समोर बसवत आणि विचारत, “आज काय सांगतोस?” मग तो बर्फाविषयी, म्हातारीविषयी, जर्दाळूच्या झाडाविषयी बोलत राही. आचार्य शांतपणे ऐकत. गुरुपत्नी दाराआड उभ्या राहत. पदराने डोळे पुसून त्या आत वळत, आणि त्याला वाटे, आपल्या विरहाचे दुःख या माउलीला समजले.

परंतु एक गोष्ट त्याला उमगेना. तो आल्याची वार्ता पसरली तसे दूरदूरचे रोगी आश्रमाकडे येऊ लागले. आचार्य स्वतः दारात जात आणि सांगत, “वैद्य अजून पोहोचलेला नाही. पोहोचला की निरोप देईन.” लोक माघारी जात. सगुणाबाई नावाची एक कोळीण तीनदा येऊन परत गेली. दोन्ही डोळ्यांत पडदा, सुनेचा हात धरून ती खाडीपलीकडून यायची. तिसऱ्या वेळी ती उंबऱ्याशीच बसली आणि म्हणाली, “आचार्य, समदी सांगतात त्यो आलाय म्हून.” आचार्य म्हणाले, “त्याचे सामान आले आहे, बाई.”

शिष्य ओसरीवरून हे ऐकत होता. अपमानाने त्याचे कान तापले. त्या दुपारी आचार्यांनी नेहमीप्रमाणे विचारले. त्याला राहवले नाही. आपल्या हातावर विश्वास नसेल तर आपल्याला धाडले कशाला, असे त्याने विचारले. तिथले गुरू आपल्याला उत्तम म्हणत होते, तिथेच राहिलो असतो तर बरे झाले असते, असेही तो बोलून गेला. आणि उठून, पाऊल न वाजवता, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खांबापाशी जाऊन उभा राहिला.

आचार्य सौम्यपणे म्हणाले, “रागावलास. बस, रागावलेला असलास तरी बस.” ते त्याच्या रिकाम्या आसनाकडे पाहून बोलत होते. उत्तर येईना म्हणून त्यांनी हात पुढे केला, हवेत चाचपून पाहिले, आणि आसनाच्या कडेला हात लागताच तो मागे घेतला.

शिष्य खांबाला धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत तो जे शिकला होता ते त्या क्षणी त्याच्यापुढे उभे राहिले. तो जवळ आला. गुरूंची हनुवटी धरून त्याने त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला. डोळ्यांत पडदा नव्हता. बुबुळे स्वच्छ होती, पण ऊन पडूनही बाहुल्या आकसत नव्हत्या. हा मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. हा विकार आधी कडेकडेची दृष्टी नेतो, मग मधली. गेलेले परत आणणारी सुई कोणत्याच देशात नाही.

“केव्हापासून?” त्याने विचारले.

“तुझा निरोप आला, आणखी एक वर्ष राहू का म्हणून, तेव्हा कडा गेल्या होत्या.”

शिष्याने हनुवटीवरचा हात हळूच काढला. तो म्हणाला, “तेव्हा आलो असतो तर... तिकडे एक औषध आहे. गेलेले येत नाही, पण राहिलेले टिकते.”

“टिकले असते कदाचित,” आचार्य म्हणाले. त्यांनी ते नाकारले नाही.

“मग आपण बोलावले का नाही?”

“तू विद्येसाठी राहतो आहेस असे मला वाटले. विद्येच्या आड गुरूने आपले डोळे आणू नयेत. तू विद्येसाठी राहिला नव्हतास, हे तू इथे येऊन बोलू लागलास तेव्हा कळले. त्याचाही मला राग नाही. सुखाच्या जागेवरून उठवत नाही, हे म्हाताऱ्या माणसाला माहीत असते.”

शिष्य त्यांच्या पायांशी बसला. मग आचार्यांनी त्याला जे सांगितले ते असे. “तू रोज माझ्यासमोर बसलास. डोळ्यांची विद्या शिकून आलेला तू, आणि माझे डोळे तुला दिसले नाहीत. मी मुद्दाम सांगितले नाही, घरच्यांनाही सांगू दिले नाही. तुला आपणहून कधी दिसते, याची मी वाट पाहत होतो. बाबा, दूर गेलेल्या माणसाचे शरीर लवकर परतते, तो स्वतः मागाहून येतो. कोणाला महिने लागतात, कोणी येतच नाही. त्या मुलखासाठी तू रडलास, त्यात पाप नाही. ज्या मातीने शिकवले तिच्यासाठी डोळ्यांत पाणी यावेच. पण पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यात सुई घालता येत नाही. त्या लोकांना मी परत धाडले, ते त्यांच्या डोळ्यांच्या काळजीने.”

त्या संध्याकाळी शिष्याने सुया उकळून स्वच्छ केल्या, वाळत ठेवल्या, पुन्हा पुन्हा बोटांनी तपासल्या. दुसऱ्या दिवशी तो होडीत बसून खाडीपलीकडे गेला आणि सगुणाबाईला तिच्या घरीच उजेडाच्या बाजूला बसवले. तिचा एक डोळा त्याने मोकळा केला. पट्टी सुटली तेव्हा ती बराच वेळ सुनेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “पोरी, तू काय म्हातारी झालीस गं.” सून हसता हसता रडू लागली.

त्यानंतर त्या किनाऱ्यावर अनेकांना दिसू लागले. आचार्यांना पुन्हा कधीच दिसले नाही. शिष्य रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसे आणि दिवसभरात कोणकोण आले, कोण काय बोलले ते सांगे. समुद्रापलीकडच्या मुलखाचा विषय आचार्यच कधीतरी काढत, तेव्हा तोही थोडे बोले. ते जास्तीचे वर्ष मात्र दोघांपैकी कोणीही पुन्हा तोंडी आणले नाही. ते दोघांच्या मध्ये बसलेलेच असे, आणि ते तिथे आहे हे दोघांनाही माहीत होते.

जिथे शिकलो तिथून निघताना मन मागे राहतेच. ते परत येईपर्यंत घरातले काय अंधारले, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.