कडक भाकरी आणि मुका स्क्रू

दात बोलायचे तेव्हाची गोष्ट. सोलापूरच्या शिवलिंगआप्पांची एक दाढ पडली आणि दातांच्या आळीत खिंडार पडलं. शेजारच्या दाढा तिकडे कलू लागल्या, तळातलं हाड झिजू लागलं. कडक भाकरीवर जीव असलेले आप्पा ती आमटीत भिजवून गिळू लागले. आळीची केवढी नामुष्की!

आधी आला काढता-घालता दात. पांढराशुभ्र आणि भारी बोलका. "बघा, आलो काय, बसलो काय!" पण कडक भाकरीचा पहिलाच घास आला आणि स्वारी थेट ताटात!

मग डॉक्टरीणबाईंनी हाडात एक बारीक स्क्रू बसवला. "हा कसला दात? ना रंग, ना धार!" सुळा खो-खो हसला. स्क्रू गप्प. तीन महिने झाले, तरी गप्पच.

"मेला की काय हा?" सुळ्याने विचारलं.

"हळू बोल," तळातून हाड म्हणालं. "मी त्याला घट्ट धरतंय. थोडंच राहिलंय."

चौथ्या महिन्यात स्क्रूच्या डोक्यावर दाढेची टोपी चढली. काही दिवसांनी पटाशीचे दात ओरडले, "आली रे आली, कडक भाकरी आली!" सगळ्या आळीने श्वास रोखला.

कडाड! तुकड्याचे दोन झाले, दोनाचे चार झाले, चाराचं पीठ झालं! नवी दाढ तसूभरही हलली नाही. आळीत नुसता जल्लोष!

"अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?" सुळ्याने विचारलं.

"पाय रोवत होतो, दादा," आतून स्क्रू म्हणाला. "आता येऊ दे दुसरी भाकरी!"