सान मेल्चोरचे उघडे तळहात

मेक्सिकोच्या डोंगरात सान मेल्चोर नावाचं गाव आहे. गावाभोवती सगळीकडे मका उभा असतो, फक्त ओढ्याकाठचा एक तुकडा बोडका. पाहुण्यांनी विचारलं की गावातले वडीलधारे आधी त्या तुकड्याकडे पाठ करतात, मग सांगतात.

ते शेत हसिंताचं. सेवेरिआनोची ही विधवा लेक. सेवेरिआनो घरातला कर्ता. आपल्या दारातून कुणी उपाशी जात नाही, हा त्याचा ताठा. जानेवारीत तीन राजांच्या सणाला इथे घरोघर कड्यासारखा गोल पाव कापतात. आत मातीची इवलीशी बाहुली लपवलेली असते, ती म्हणजे बाळ येशू. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, त्याने पुढच्या महिन्यात मेणबत्त्यांच्या सणाला सगळ्या कुटुंबाला तमाल खाऊ घालायचे. मक्याचं पीठ कणसाच्या सालीत बांधून उकडतात, ते तमाल.

एका साली पाऊस झाला नव्हता, म्हणे. सेवेरिआनोची कणगी रिकामी होती, आणि हे एकट्या त्यालाच ठाऊक. बाहुली नेमकी त्याच्या तुकड्यात निघाली. त्याने ती मुठीत दाबली.

पाव संपला तरी बाहुली दिसेना. धाकटा भाऊ ताचो म्हणाला, "दादा, तुझ्या घरचा दुष्काळ बघून बाळ पळालं वाटतं." सगळे हसले. सेवेरिआनोने करड्या आवाजात विचारलं, कुणी लपवली? चोराला या घरात ताट नाही. मग एकेकाची नजर हसिंताकडे वळली. घरात गरीब तीच.

हसिंता गरम चॉकलेट वाढत होती. बापाने पेला उजव्या हाताने घेतला. डावा हात मांडीवर होता, मूठ आवळलेली. त्या मुठीकडे बघत ती म्हणाली, "माझ्याकडे आहे, बाबा. तमाल मी करीन."

सेवेरिआनोने मूठ उघडली नाही.

मेणबत्त्यांच्या सणाला तमाल पोटभर झाले. साल सोडली तर आत पीठ लाल. लाल मका गावात फक्त हसिंताकडे होता, तोही बियाण्यापुरता. सेवेरिआनोने ते ओळखलं, आणि खाल्लं, असे सांगतात.

पेरणीला तिच्याकडे दाणा उरला नाही. ती खाली उसाच्या मळ्यावर मजुरीला गेली, ती परत आलीच नाही. बाप पुढे दरसाल ते शेत स्वतः पेरत राहिला. कोंब फुटला नाही. पुढच्याच तीन राजांच्या सणाला पाव समोर आला, तेव्हा त्याने दोन्ही हात उताणे करून मेजावर ठेवले. ताचोनेही ठेवले.

आजही सान मेल्चोरात पावाला सुरी लावण्याआधी सगळे तळहात उघडे ठेवतात. पहिले हात घरातल्या थोरल्याचे. ते त्याची लेक बघते. ती मान हलवीपर्यंत पाव कापत नाहीत.