तुपाच्या धारेनं मोजलेला उशीर

घुमटगडाचे राजे हैबतराव एकदा हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. या खेपेला हट्ट जेवणावरून होता. भर दुपारी गडावर तोफ व्हायची. ती ऐकली की दरीपलीकडच्या पायरवाडीत लखू गुरव देवळातली मोठी घंटा ठोकायचा, देवाला नैवेद्य दाखवला जायचा आणि इकडे राजे पहिला घास घ्यायचे. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. पण एक दिवस पाटावर बसल्या बसल्या राजांच्या डोक्यात आलं, तोफ होऊन जाते आणि घंटा मागाहून वाजते, हे काय?

झालं! गुरव आळशी आहे, असं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. तोफ आणि घंटा एकदम कानावर पडल्याखेरीज दुपारचा घास घेणार नाही, म्हणाले. बरं, घंटा तोफेच्या आधी वाजवावी तर तोफेचा अपमान, तीही सोय नाही. चार दिवसांत हे जमलं नाही तर लखूनं देवळाची सेवा सोडायची आणि देवळामागचं घरही.

आता राजा जेवला नाही तर दरबार कसा जेवणार? सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. दिवाणजींनी युक्ती काढली की तोफेत दुप्पट दारू ठासावी, म्हणजे आवाज जोरात पळेल. ठासली. मुदपाकखान्यातल्या लोणच्याच्या बरण्या तेवढ्या फुटल्या. घंटा यायची तेव्हाच आली. दिवाणजींनी त्याचंही खापर लखूवरच फोडलं.

बिचारा लखू सकाळपासून दोर हातात धरून उभा राहायचा. घर जाणार म्हणून त्याची झोप उडाली होती. शेवटी चौथ्या दिवशी त्याची लेक ठकू पदर खोचून गड चढली आणि थेट राजांपुढं उभी राहिली. म्हणाली, "महाराज, उशीर आबा करतात की वाट करते, ते आधी मोजू या."

"आवाजाला कसली आलीय वाट?"

"नदीवर धुणं धुताना बघते ना मी. पलीकडच्या काठावरची बाई लुगडं दगडावर आपटते ते आधी दिसतं, धप्प मागाहून ऐकू येतं. ती बाई काही आळशी नसते, महाराज."

राजे भुकेले होते, तरी त्यांना गंमत वाटली. मोजणार कशानं, असं त्यांनी विचारलं. ठकूनं इकडंतिकडं पाहिलं. पंगतीशी वाढपी बारीक तोटीची तुपाची झारी घेऊन ताटकळत उभा होता. ती म्हणाली, तोफ ऐकली की यानं वाटीत धार सोडायची, घंटा ऐकली की थांबवायची. झारी हीच, हात हाच, म्हणजे वाढप्याची जी काय चालढकल असेल ती दर वेळी सारखीच.

आधी लखूला वर आणलं. तोफेला लागूनच गडावरच्या देवीचं देऊळ होतं, तिथल्या घंटेखाली त्याला उभं केलं. तोफ झाली, लखूनं घंटा ठोकली, आणि वाटीचा जेमतेम तळ ओला झाला. ठकूनं ती वाटी राजांसमोर ठेवली आणि सांगितलं, हा आबांच्या हाताचा उशीर.

मग लखूला घोड्यावर घालून पायरवाडीला पाठवलं. पुन्हा तोफ. या खेपेला वाटी भरत आली. दिवाणजी लगेच म्हणाले, पाहिलंत, नजरेआड झाला की आळस चढतो याला! ठकू शांतपणे म्हणाली, "मग आता दिवाणजींनीच जावं." राजांनी मान डोलावली आणि दिवाणजी कुरकुरत पालखीत बसले. तिसरी तोफ झाली. धार पडते आहे, पडते आहे, वाटी भरली, तूप काठावरून पाटावर आलं, तेव्हा कुठं घंटा वाजली.

परत आलेल्या दिवाणजींनी देवाची शपथ घेतली, की तोफ ऐकली आणि तिथल्या तिथं ठोका दिला. एवढंच, की मधे पगडी जरा सावरली.

राजांनी तिन्ही वाट्या पाहिल्या आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. लखूची सेवा कायम, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. ठकूचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, "आबांचा तो तेवढा थेंब. बाकीचं अर्धं तूप तोफेच्या उतरणीचं आणि अर्धं घंटेच्या चढणीचं."

"ते पटलं. पण माझ्या शब्दाचं काय? दोन्ही एकदम ऐकल्याशिवाय मी जेवणार नाही. घंटाच उचलून वर आणू का?"

"घंटेबरोबर देवालाही वर आणावं लागेल, महाराज. त्यापेक्षा ताट उचलणं सोपं. पाट आमच्या देवळात मांडा. तिथं तोफ पोचते आणि तिथंच घंटा वाजते. दोघींना पुढं चालायला वाटच उरत नाही."

 राजे असे खदाखदा हसले की भुकेनं पेंगलेला दरबार जागा झाला. ताटं, पातेली, वाढपी, सगळा लवाजमा गड उतरला. देवळाच्या ओवरीत पाट मांडले, निशाण हलवून गोलंदाजाला इशारा केला. धडाम् आणि ठण्ण एकदमच! वाटीचा तळ तेवढा ओला झाला आणि राजांनी चौथ्या दिवशी दुपारचा घास घेतला. लखू खांबाला टेकून डोळे पुसत होता.

चार घास पोटात गेल्यावर राजांना थट्टा सुचली. झारीकडं बोट दाखवून म्हणाले, "पोरी, आजपासून रोज इथंच जेवायचं, म्हणजे वाटेत सांडणारं तूप रोज वाचणार. ते आता कुणाचं?"

ठकूनं देवळामागच्या घराकडं पाहिलं. "वाट आमच्याच दाराशी येऊन संपते, महाराज."

राजांना हसता हसता ठसका लागला. त्या दिवसापासून गडावरून रोज एक वाटी तूप लखू गुरवाच्या घरी यायला लागलं. राजांनी हुकूमच दिला होता, की वाटी दिवाणजींच्या मापानं भरायची, काठावरून सांडेपर्यंत.